जुना चिमूर लोकसभा मतदारसंघ

प्रश्न : नागपूरचे माजी खासदार विलास मुत्तेमवार आधी चिमूरमधून निवडून येत असत. त्या मतदारसंघाविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : ते १९८०, १९८४ आणि १९९१ मध्ये काँग्रेसतर्फे विजयी झाले, १९८९ आणि २००४ मध्ये मात्र भाजपचे महादेवराव शिवणकर जिंकले.

उत्तर : मला १९९८ चा निकाल सर्वांत मोलाचा वाटतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यासाठी (नामांतरासाठी) १९७९ मध्ये दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेल्या लाँग मार्चचे नेते प्रा. जोगेंद्र कवाडे तेव्हा चिमूरमधून निवडून आले आणि त्या वर्षी राज्यातील खुल्या जागांवर विजयी झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या चार खासदारांपैकी ते एक होते. विदर्भाने हे विसरू नये.

उत्तर : २००८ च्या पुनर्रचनेनंतर अनुसूचित जमातींसाठी राखीव असा गडचिरोली-चिमूर मतदारसंघ अस्तित्वात आला.