कॅनोनेट क्यूएल१७ जी-३: ऑटोवर एक्स्पोजर चुकतं, स्लो शटर अडकतं, पॅच जुळत नाही. आधी काय बघावं?

निगेटिव्हवाला

नमस्कार मंडळी. कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ (कॅननचा जुना फिल्म कॅमेरा) घेतला आहे. ४० मिमी एफ/१.७ ची काच स्वच्छ आहे, बुरशी नाही. अडचणी अशा:

१. बॅटरीच्या खणात एलआर४४ (बटणासारखी छोटी अल्कलाइन बॅटरी) बसवलेली मिळाली, भोवती ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून. मागचं बटण दाबल्यावर दिवा लागतो आणि उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटाही हलतो. पण ‘ए’वर (ऑटोवर) काढलेल्या फोटोंत सावलीतल्या निगेटिव्ह पातळ (प्रकाश कमी पडलेल्या) येतात, आणि भर उन्हातल्या उलट गच्च काळ्या (प्रकाश जास्त पडलेल्या).

२. १/४ आणि १/८ वर शटर उघडं राहतं, टिचकी मारली की मिटतं. १/६० च्या पुढे आवाज बरोबर वाटतो.

३. फोकस रिंग अनंतावर नेली तरी पॅचमधल्या (व्ह्यूफाइंडरच्या मधल्या, फोकस दाखवणाऱ्या चौकोनातल्या) दोन प्रतिमा जुळत नाहीत. थोड्या आडव्या सरकलेल्या, किंचित वरखालीही.

४. मागच्या दाराचा फोम चिकट डांबरासारखा झाला आहे.

सुरुवात कुठून करावी? आणि यातलं घरी काय करण्यासारखं आहे?

अंधारखोली

मीटरच्या मागे आत्ताच लागू नका. तुमच्या पहिल्या मुद्द्यात दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय बॅटरी कितीही बदलली तरी उत्तर मिळणार नाही.

हा कॅमेरा शटर-प्रायॉरिटी आहे. ‘ए’वर शटरचा वेग तुम्ही ठरवता. बटण दाबलं की काटा जागच्या जागी पकडला जातो आणि त्याच्या स्थितीप्रमाणे ॲपर्चरची, म्हणजे भिंगातलं भोक लहान-मोठं करणारी पाती मिटतात. सावलीत पाती जवळपास पूर्ण उघडी राहायची असतात, म्हणून तिथे पातींचा दोष दिसत नाही, फक्त बॅटरीचा दिसतो. एलआर४४ चं व्होल्टेज मूळ बॅटरीपेक्षा जास्त आहे, मीटरला प्रकाश आहे त्याहून जास्त वाटतो आणि निगेटिव्ह पातळ येते. उन्हात मात्र पातींना एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत झटकन मिटावं लागतं. तेल सुकून त्या चिकटल्या असतील तर अर्ध्यातच थांबतात आणि निगेटिव्ह गच्च होते.

तपासायला फिल्म नको. मागचं दार उघडा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं), ॲपर्चर हाताने १.७ वर. बटण दाबून धरा आणि रिंग १६ पर्यंत नेऊन परत आणा. पाती रिंगसोबत लगेच हलायला हव्यात. मग ‘ए’वर, प्रखर उजेडाकडे रोखून, १/३० किंवा १/१५ वर शटर टाका आणि मागून भोक बघा. काटा १६ जवळ असताना भोक मोठं दिसलं तर दोष पातींचा. काटा लाल पट्ट्यात असेल तर ‘ए’वर शटर सुटतच नाही. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. एएसए (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) कमी करून पुन्हा बघा.

१/४, १/८ वर अडकणं हे स्लो स्पीडच्या दातेरी चाकांचं दुखणं आहे. तिथलं वंगण घट्ट होतं. सेल्फ-टायमरला तर हातच लावू नका. मध्येच अडकला तर सगळं शटर बंद पडतं.

काचभिंग

पातींचं निदान पटलं. साफसफाईबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक कॅमेरे इथेच खराब होतात.

लायटरमध्ये भरतात तो नॅफ्था वापरा. गंज सोडवायचे फवारे अजिबात नकोत. ते मागे तेलच ठेवतात आणि महिन्याभरात पाती पुन्हा चिकटतात. पुढची नावाची रिंग रबराचा गोल तुकडा दाबून फिरवली की सुटते. मीटरचा डोळा याच भागात भिंगाच्या वर बसलेला आहे, त्यामुळे रिंग ओढून काढू नका. आतला भिंगांचा गट दोन टोकांच्या लेन्स-पान्याने उघडतो. उघडण्याआधी कडेला सुईने एक खूण करा, म्हणजे तो परत तेवढाच घट्ट बसेल.

कापसाची काडी नॅफ्थात बुडवून पिळून घ्या, पातींवर फिरवा, शटर वीस-पंचवीस वेळा टाका, कोरड्या काडीने टिपा. पातींवर तेलाचा पट्टा दिसायचा थांबेपर्यंत हेच. थेट बाटलीतून थेंब टाकलात तर द्रव जुनं तेल घेऊन मागच्या भिंगांत उतरतो आणि काचेवर धुरकट थर बसतो. पाती कोरड्याच चालायच्या असतात, शेवटी तेल लावायचं नाही. पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान रात्रभर, भिंग बसवू नका.

स्लो स्पीडची चाकं मात्र अशी साफ होत नाहीत. नॅफ्था तिथवर पोचला तर काही दिवस चालतात आणि पुन्हा अडतात. ते काम शटर सुटं करणाऱ्या कारागिराचं. तुम्हाला १/४ ची खरंच गरज नसेल तर सोडून द्या.

बॅटरी: मूळ पीएक्स६२५ पाऱ्याची, १.३५ व्होल्टची, आणि शेवटपर्यंत तेवढंच व्होल्टेज देणारी. एलआर४४ दीड व्होल्टला सुरू होते आणि घसरत जाते, म्हणजे चूकही रोज वेगळी. मी कानाच्या यंत्राची ६७५ झिंक-एअर सुचवेन: १.४ व्होल्ट, स्थिर. स्टिकर काढून काही मिनिटं हवा लागू द्या, मगच बसवा. व्यास ११.६ मिमी आहे, मूळ बॅटरी सुमारे १६ मिमीची, तेव्हा भोवती रबरी रिंग घाला. फॉइलचा तुकडा सरकून शॉर्ट होतो, तो काढाच.

छिद्र_अकरा

६७५ दोन महिन्यांत सुकते, वापरा न वापरा. वर्षभर निश्चिंत राहायचं तर एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइड घ्या (१.५५ व्होल्ट, जवळपास सपाट) आणि मध्ये ०.२ व्होल्ट कमी करणारा शॉटकी डायोड असलेला अडॅप्टर. डायोड नको असेल तर एएसए कमी लावून भागतं: ४०० च्या फिल्मला २००. पण चूक सगळ्या उजेडात सारखी नसते, त्यामुळे हा उपाय निगेटिव्हपुरताच, स्लाइड फिल्मला नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरमध्ये ब्रिज सर्किट आहे, म्हणून तो जास्त व्होल्टेज सहन करतो. कॅनोनेटमध्ये ती सोय नाही.

मागचा दिवा फक्त बॅटरी मेलेली नाही एवढंच सांगतो. व्होल्टेज जास्त आहे हे तो कधीच सांगणार नाही.

आता रेंजफाइंडर, म्हणजे पॅचमधल्या प्रतिमा जुळवणारी यंत्रणा. स्क्रूला हात लावण्याआधी भिंग स्वतः बरोबर फोकस होतं का ते बघा, विशेषतः भिंगाचा गट काढून परत बसवल्यावर. मागचं दार उघडून फिल्म ज्यावरून सरकते त्या दोन रुळांवर मॅट पारदर्शक टेप ताणून लावा, ‘बी’वर केबल रिलीजने शटर उघडं ठेवा, एफ/१.७, रिंग अनंतावर. किलोमीटरभर लांबचा मनोरा किंवा इमारतीची कड टेपवर लूपने (छोट्या भिंगाने) बघा. ती धारदार असेल तरच दोष रेंजफाइंडरचा. धूसर असेल आणि तुम्ही पॅच जुळवून टाकलात, तर पॅच नेहमी खोटं बोलेल.

मग वरचं झाकण काढून आधी वरखाली जुळवा, नंतर आडवं. स्क्रू एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच फिरवा. शेवटी मोजपट्टीने मोजून एक मीटरवर ठेवलेल्या वस्तूवर पुन्हा तपासा. झाकण उघडं असताना अर्धपारदर्शक आरशाला कापूस लावायचा मोह आवरा. त्याचा मुलामा ओल्या काडीनेही निघतो, आणि मग पॅच कायमचा फिका. फुंकणीने धूळ उडवा, बस्स. पॅच तरीही फिका वाटला तर व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर, पॅचच्या नेमक्या जागी, काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा. तेवढ्या भागात मुख्य प्रतिमा झाकली जाते आणि दुसरी उठून दिसते.

निगेटिव्हवाला

मनापासून आभार. तपासलं: काटा १६ वर असताना भोक एफ/५.६ एवढंच मिटतंय. म्हणजे पातीच. साफसफाई होईपर्यंत कॅमेरा वापरता येईल का?

अंधारखोली

येईल. शटर पूर्ण यांत्रिक आहे, बॅटरी फक्त मीटरला लागते. रिंग ‘ए’वरून काढली की मीटर बंद होतो आणि ॲपर्चर तुमच्या हातात येतं. पाती रिंगसोबत सरकतात ना, एवढं फिल्म भरण्याआधी बघून घ्या. १०० च्या फिल्मला भर उन्हात १/१२५ आणि एफ/१६, मोकळ्या सावलीत तीन स्टॉप (ॲपर्चरच्या तीन पायऱ्या) उघडून एफ/५.६. वेग १/६० च्या खाली नेऊ नका.

फोम मात्र फिल्म भरण्याआधीच बदला, नाहीतर बिजागरीच्या बाजूने फ्रेमवर नारिंगी पट्टे येतील. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बांबूची काडी घेऊन खरवडा. कॅमेरा दार खाली येईल असा धरा, म्हणजे कण शटरकडे जाणार नाहीत. वरखालच्या अरुंद खाचांत काळी लोकर बसते, बिजागरीपाशी दोन मिमीचा फोम. जाड फोम घातलात तर दार नीट लागत नाही आणि क्यूएलची (क्विक लोड, फिल्म झटपट भरायच्या सोयीची) पट्टी फिल्म पकडत नाही. भरल्यावर लिव्हर ओढताना रिवाइंडची कळ उलटी फिरतेय ना, हे बघा.