मदत हवी आहे: तारा वायू बाहेर फेकतोय, मग ही तबकडी गरगर फिरते कशी?

गोदाकाठची मास्तरीण:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला आठवी-नववीला विज्ञान शिकवते. गेल्या शनिवारी वीसेक मुलांना अंजनेरीच्या बाजूला आकाश दाखवायला नेलं होतं. व्याध झाला, अगस्त्य झाला, आणि अगस्त्याच्या डावीकडे जरा वर बोट दाखवून मी बोलून गेले की तिथे एल-२ पपिस आहे. नुसत्या डोळ्यांना दिसला नाहीच, स्वतःच्याच धुळीने मंदावलाय बिचारा. म्हटलं, हा मरणपंथाला लागलेला तांबडा राक्षसी तारा, साधारण २०० प्रकाशवर्षांवर, अंगावरचा वायू उधळतोय आणि भोवती वायूची तबकडी फिरतेय.

नववीतली एक मुलगी लगेच, "मॅडम, वायू बाहेर चाललाय तर गोल का फिरेल? अन् फिरवतंय कोण?"

मी भुईचक्राचं उदाहरण देऊन वेळ मारून नेली. पोरांनी माना डोलावल्या, पण मलाच पटेना. घरी येऊन गणित मांडलं. सूर्याला एका गिरकीला सुमारे २५ दिवस लागतात. तो २०० पट फुगला तर गिरकी २०० गुणिले २००, म्हणजे ४०,००० पट सावकाश, म्हणजे १० लाख दिवस, सत्ताविसशे वर्षं! असला सुस्त तारा तबकडी काय फिरवणार?

शिवाय इतक्या लांबून फिरणं आणि पसरणं वेगळं कसं ओळखतात? आणि २८ फेब्रुवारीला मुलांना खोडदला नेणार आहे, तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने असलं काही दिसतं का? कृपया आठवीच्या पोराला कळेल असं सांगा.

व्याधाची वाट:
ताई, उत्तर तुमच्याच गणितात आहे. तारा फिरकी देऊ शकत नाही, म्हणून जोडीदार लागतो, म्हणजे त्याच्याभोवती फिरणारा दुसरा तारा किंवा ग्रह. आपल्या सूर्यमालेतही कोनीय संवेगाचा, म्हणजे फिरकीचा, जवळपास सगळा साठा ग्रहांकडे आहे, सूर्याकडे किरकोळ.

या म्हाताऱ्या ताऱ्यांचा वारा फार मंद असतो, सेकंदाला ५ ते २० किलोमीटर. आपला सौरवारा ४०० च्या घरात. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या पाचपट लांब कक्षेतला वेगही तेराच्या आसपास येतो, करून बघा. म्हणजे वायू आरामात चाललेला, आणि जोडीदार त्याच वेगाने शेजारून जाताना त्याला ओढून आडवा हिसका देतो. काही वायू निसटतो. ज्याला आडवा वेग मिळाला पण निसटण्याएवढा नाही, तो भोवती फिरत राहतो. तीच तबकडी.

एल-२ पपिसमध्ये चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीने हे मोजलं, निष्कर्ष २०१६ साली आले. आतल्या भागात, पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण सहापटीपर्यंत, वायू केप्लरच्या नियमाने फिरतो: अंतर चौपट तर वेग निम्मा. त्यावरून ताऱ्याचं वजनही निघालं, सूर्याच्या सुमारे ०.६६ पट. तबकडीतच एक गाठ दिसली, तोच जोडीदार असावा. ग्रहाएवढा असण्याची शक्यता आहे, पण त्याच्या वस्तुमानाचा आकडा फार ढिला आहे, मुलांना ठासून सांगू नका.

सिन्नरचा खगोलवेडा:
मॅडम, राग मानू नका, पण भुईचक्र इथे चुकलं. भुईचक्राची ठिणगी सुटली की सरळ बाहेर जाते. नळी फिरते म्हणून आपल्याला चकली दिसते. ते उदाहरण आर स्कल्प्टोरिस या दुसऱ्या म्हाताऱ्या ताऱ्याला चपखल बसतं. २०१२ मध्ये अल्मानेच त्याच्याभोवती वायूची चकली टिपली आणि जोडीदाराची फेरी सुमारे ३५० वर्षांची धरली. तिथे वायू बाहेरच चाललाय, फिरते ती नक्षी. तबकडीत वायू स्वतः फिरतो.

ओळखायचं कसं? तबकडी कडेने दिसतेय असं धरा. नुसती पसरत असेल तर मधोमध पुढचा वायू आपल्याकडे येतो, मागचा दूर जातो, आणि दोन्ही कडांना आपल्या दिशेचा वेग शून्य. फिरत असेल तर एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. कार्बन मोनॉक्साइड वायू ठरावीक कंपनसंख्येला रेडिओ लहरी सोडतो, त्याला त्याची रेष म्हणतात. वायू जवळ येत असेल तर ती वर सरकते, दूर जात असेल तर खाली. ती कुठे, किती सरकली ते बघून हे कळतं.

इथे वापरलेली रेष ३४५ गिगाहर्ट्झच्या आसपास. जीएमआरटी साधारण दीड गिगाहर्ट्झपर्यंतच ऐकते, त्यामुळे हे तिचं काम नाही. पण ४५ मीटरच्या तीस अँटेना बघून पोरं हरखतील, जरूर न्या.

गोदाकाठची मास्तरीण:
राग कसला, चूक माझीच! शनिवारी मैदानावर मुलांचं कडं करते. आधी सगळे केंद्रापासून बाहेर पळतील, मग गोल पळतील, आणि ती मुलगी लांब, गेटपाशी उभी राहून कोण जवळ येतंय ते वहीत लिहील. दिवाळीची दोन भुईचक्रं उरलीत, ती आर स्कल्प्टोरिसच्या तासाला.