गावच्या वाचनालयाची किल्ली कुणाकडे असायची?

मंडळी, 12 ऑगस्ट म्हणजे ग्रंथपाल दिन, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस. त्यानिमित्त सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाचनालयांचे अनुभव मागवतोय. शहरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयाबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. मला हवंय ते ग्रामपंचायतीशेजारच्या एका खोलीतलं, पत्र्याच्या पाटीचं वाचनालय.

माझ्यापासून सुरुवात करतो. गाव माढा तालुक्यात. सकाळच्या एसटीने एकच पेपर यायचा आणि आल्या आल्या त्याची पानं सुटी व्हायची. बाजारभावाचं पान माझ्या हातात यायचं, कारण माझ्या वडिलांसह ओट्यावरच्या निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. सोलापूर बाजार समितीतला कांद्याचा दर मी मोठ्याने वाचायचो. एकदा आकडा चुकीचा वाचला, तर एक आजोबा म्हणाले, "बाळा, परत वाच. त्यावर गाडी भरायची का नाही ते ठरतंय." तेव्हा मी चौथीत होतो. छापलेल्या अक्षराचं वजन मला त्या दिवशी कळलं.

करमाळा तालुक्यातून :
आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. धरण 1980 साली पूर्ण झालं, गाव त्याआधीच हललं. ज्याने त्याने आपापल्या घराची कवाडं, तुळया, पत्रे काढून नेले. वाचनालयाची पुस्तकं कुणाची म्हणायची? ती कुणाच्याच घरची नव्हती, म्हणून मागे राहायच्या बेतात होती. आम्ही चार-पाच पोरांनी ज्वारीची रिकामी पोती मागून आणली, पुस्तकं भरली आणि बैलगाडीत घातली. वाटेत पावसाने गाठलं. नव्या गावठाणात पोचल्यावर शाळेच्या पडवीत सुतळ्या बांधून त्यावर पुस्तकं उघडी करून वाळत घातली. बाया येता-जाता बघायच्या. एकीने विचारलं, "ह्यात आपल्या गावाचं लिवलंय का?" नव्हतं लिहिलेलं. पण नव्या गावात देवळाच्या आधी चार माणसं एकत्र बसू लागली ती त्या पडवीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अक्कलकोट तालुक्यातून :
मी सीमेपलीकडून लग्न होऊन आले. घरात कन्नडच. मुलगी मात्र मराठी शाळेत. वाचनालय पारालगत, तिथे सदा पुरुष बसलेले, त्यामुळे सुनांनी तिकडे जायची रीत नव्हती. मुलगी स्वतःसाठी गोष्टीचं पुस्तक आणायची, ते मी दुपारी बोट ठेवून वाचायची. हे ग्रंथपालांना कसं कळलं देव जाणे, पण पुढे मुलीच्या हाती ते दोन पुस्तकं द्यायला लागले : "एक तुझं, एक आईचं." वर्गणी एकाचीच घेत. पुढे बचत गटाची बैठक वाचनालयात घ्यायची ठरली, आणि त्या निमित्ताने आम्ही बायकांनी तो उंबरा ओलांडला. आज कर्जाचा अर्ज मी मराठीत स्वतः भरते.

मोहोळहून :
आमच्याकडे दिवाळी अंकांसाठी नंबर लागायचे. माझा नंबर येईतो शिमगा यायचा. तरी वाचायचो.

मंगळवेढा तालुक्यातून, 'ड' वर्ग वाचनालयाचा ग्रंथपाल :
वरच्या ताईंचं वाचून आधी डोळे पुसले. आता थोडं आमच्या बाजूचं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने आपल्या राज्यात सार्वजनिक वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं. अ, ब, क, ड असे वर्ग, त्यात आम्ही शेवटचे. अनुदान हप्त्याने येतं. त्यातूनच पुस्तकं, पेपर, वीजबिल आणि माझं मानधन. एका वर्षी हप्ता इतका लांबला की पेपरवाल्याचं बिल जुनी रद्दी विकून भागवलं. तरी दार एक दिवस बंद ठेवलं नाही. ज्वारीच्या काढणीत दिवसा कुणी फिरकत नाही, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळी सात ते नऊ उघडतो.

हल्ली पोलीस भरती, एमपीएससीची पोरं येतात. पुस्तकं स्वतःची आणतात, त्यांना टेबल, उजेड आणि शांतता हवी असते. "ही काय वाचक म्हणायची?" असं कमिटीतले काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. दोन खोल्यांच्या घरात आठ माणसं, टीव्ही, शेळ्या. त्या पोराने अभ्यास करायचा कुठे? एक मुलगी पहाटे यायची, तिला मी किल्लीच देऊन टाकली होती. जाताना कपाटातल्या कडुलिंबाचा पाला बदलून जायची, न सांगता. भरती झाल्यावर किल्ली परत द्यायला आली ती वर्दीतच.

सांगोल्याहून :
करमाळ्याचे काका, त्या वेळची दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायची वही, अजून आहे का?

करमाळा तालुक्यातून :
आहे. पहिल्या पानावर त्या पावसाचा डाग आहे. 1 ते 14 क्रमांक पुसलेत. 15 पासून वाचता येतात.