पूलभोवती प्लास्टिकचं गवत: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. पोडियमवरच्या (पार्किंगच्या छतावरच्या) स्विमिंग पूलभोवती आर्टिफिशियल ग्रास टाकायचं कोटेशन आलंय. ३५ मिमी उंचीचं गवत, साधारण १,४०० चौरस फूट, फिटिंगसकट सव्वा लाखाच्या आसपास, जीएसटी वेगळा. पीडीएफ वर टाकली आहे. मेच्या सुट्टीआधी काम उरकायचं तर याच आठवड्यात ठरवावं लागेल. मतं इथेच मांडा, लिफ्टमध्ये गाठून नको 🙏

बी-९०२: माझा होकार. चेंजिंग रूमच्या दारात परवा पुन्हा एक मुलगा आपटला. हनुवटीला टाके पडलेत. आता अजून कसली वाट बघायची?

सी-१०२: पूलवर जाणारी घरं मोजकी, आणि मेंटेनन्स सगळ्यांचा. मागे मोटर बदलली, मग फिल्टर, आता गवत.

बी-९०२: मग लिफ्टचंही असंच म्हणायचं का?

सी-१०२: मी पहिल्या मजल्यावर राहतो. लिफ्टचे पैसे गुमान भरतो. तेच तर म्हणतोय.

बी-३०४: मला टर्फ आवडेल. फक्त आम्ही गोरेगावला ज्या टर्फवर फुटबॉल खेळतो तिथून गवतात भरलेले रबराचे काळे दाणे बुटातून घरी येतात आणि आई झाडू घेऊन मागे लागते. ते दाणे पूलमध्ये गेले तर?

ए-७०१: चांदीच्या रंगाची वॅगन-आर कोणाची? माझ्या जागेत लावली आहे. ताबडतोब काढा.

सेक्रेटरी: @ए-७०१ वॉचमनला सांगा प्लीज. इथे गवताचं चाललंय.

सी-५०३: पीडीएफ वाचली. गवताला माझा विरोध नाही, जागेला आहे. पोरं का घसरतात ते आधी बघू या. चेंजिंग रूमसमोर पाणी साचतं, कारण तिथे फरशीला उतारच नाही. शंभराला एक इतका तरी उतार हवा, म्हणजे १० फुटांत सव्वा इंच. तिथे पाणी थांबतं, त्यावर शेवाळ धरतं, पाय जातो. त्यावर गवत अंथरलं तर पाणी हलणार नाही, फक्त दिसायचं बंद होईल. गवताच्या पाठीला भोकं असतात हे खरं, पण ती जमिनीवर कामाची. फरशीवर भोक सपाट टेकतं. पाणी जाणार कुठे?

बी-९०२: काका, पण ओल्या टाइलपेक्षा गवतावर पाय कमी सरकतो ना?

सी-५०३: सरकतो कमीच. त्यात वाद नाही. पण पावसाळ्याचा विचार करा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. चार महिने खाली ओल राहिली की आधी वास येतो. आणि महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक डासांच्या अळ्या शोधत येतात ते साचलेलं स्वच्छ पाणीच बघतात. मलेरियाच्या डासाला तेच लागतं.

ए-१४०३: आमच्या अलिबागच्या घरी पूलभोवती हेच गवत आहे, म्हणून सांगते. आमच्याकडे खाली माती, त्यावर मुरूम आणि खडी दाबून बसवली आहे, त्यामुळे पाणी सरळ मुरतं. ठेकेदाराने गवत थेट पूलच्या कडेपर्यंत आणून चिकटवलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात कडेची पट्टी उचकटली. सतत ओलं राहतं तिथे गोंद धरत नाही. आता कडेला दोन फूट दगड, त्याच्या मागे गवत. गवतात बारीक वाळू पसरली होती, तीही पोरांच्या पायांनी पाण्यात जायची आणि फिल्टर तुंबायचा. ती काढून टाकली.

बी-३०४: काकू, उन्हाचं काय? तापतं का?

ए-१४०३: विचारू नकोस. मेमध्ये दुपारी दोनला पाण्यातून बाहेर आलेली पोरं पंजांवर नाचत सावलीत पळतात. पाइपने पाणी मारलं की गार होतं, पण थोडाच वेळ.

सी-५०३: बरोबर. खरं गवत पानातून पाणी बाहेर टाकतं, म्हणून स्वतःला गार ठेवतं. प्लास्टिक ऊन पितं आणि बसून राहतं. कडक उन्हात त्याचं तापमान ६० अंशांच्या वर गेल्याची मोजमापं आहेत. हॉकीच्या टर्फवर मॅचआधी पाणी मारतात ते चेंडू सुळसुळीत पळावा म्हणून, पण त्याने मैदानही गार होतं. (१९७६ साली मॉन्ट्रियलला ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा या प्लास्टिकवर खेळली आणि आपण सातवे आलो. तेव्हापासून माझं याच्याशी जमत नाही, ते सोडा.)

बी-३०४: काका 😄

बी-९०२: पण आपला पूल ११ ते ४ बंदच असतो की.

सी-५०३: हा मुद्दा मान्य. तरी चारची बॅच येते तेव्हा मोकळ्या बाजूची फरशी तापलेलीच असते. बी विंगकडची बाजू दुपारनंतर सावलीत.

बी-६०१: मग तिकडे खरं लॉन का नको लावायला? दूर्वासुद्धा लॉनच धरते, नर्सरीत बर्म्युडा म्हणून विकतात तीच. गणपतीत जुड्या विकत घ्यायला नकोत.

सी-५०३: दूर्वेला दिवसभर ऊन लागतं ताई. सावलीत ती विरळ होत होत जाते. आणि प्लास्टिकचं गवत मोठ्या प्रमाणावर वापरात आलं तेच सावलीमुळे. ह्यूस्टनच्या झाकलेल्या स्टेडियममध्ये १९६५ साली खरं गवत होतं. छताच्या पारदर्शक तावदानांतून खेळाडूंच्या डोळ्यांवर चकाकी यायची, म्हणून तावदानं रंगवली. ऊन तुटलं, गवत मेलं. १९६६ला तिथे प्लास्टिक आलं. आपल्या बी विंगने तेच केलंय, फक्त रंग लावला नाही.

सी-१०२: थोडक्यात, खर्च होणारच.

खजिनदार: एक प्रश्न. कोटेशनमध्ये 'खिळ्यांनी फिक्सिंग' लिहिलंय. पोडियमच्या स्लॅबला खिळे?

सी-५०३: अजिबात नाही! हे माझ्या नजरेतून सुटलं असतं, तुम्ही बरं पकडलंत. मातीवर खिळे चालतात. इथे खाली वॉटरप्रूफिंग आहे. एक खिळा आत गेला की पाणी स्लॅबमधून वाट काढत पार्किंगमध्ये टपकणार. आणि ते नुसतं पाणी नसतं, सिमेंटमधला चुना घेऊन उतरतं. गाडीच्या बॉनेटवर पांढरे ओघळ सुकले की पॉलिश करूनही धड निघत नाहीत.

ए-७०१: म्हणजे माझ्या गाडीवर ते डाग आधीच पडलेत ते यामुळेच का? फोटो टाकतो.

सेक्रेटरी: @ए-७०१ फोटो मला पर्सनलवर पाठवा. तो विषय वेगळा घेऊ.

सी-५०३: वेगळा नाही हो साहेब. तोच विषय आहे. गळती आधीच चालू असेल तर गवत टाकण्याआधी ती बघा. नंतर गळकी जागा शोधायला सगळं गवत उचकटावं लागेल.

बी-९०२: क्लोरीनने रंग उडतो का? आणि पोरांना त्याचं काही?

ए-१४०३: पूलच्या पाण्यातल्या क्लोरीनने आमच्याकडे काही झालं नाही. रंग उन्हानेच फिका पडला. फक्त पावडरचा डबा किंवा ॲसिडचा कॅन त्यावर ठेवू देऊ नका. सांडलं की डाग कायमचा.

बी-३०४: आणि रबराचे दाणे नकोतच. युरोपियन युनियनने २०२३ला असे दाणे विकण्यावर बंदीचा नियम केला, मैदानांना २०३१पर्यंत मुदत दिली आहे. मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण. आपण ते पोरांच्या तोंडाजवळ कशाला आणायचे?

सी-५०३: शाब्बास. अजून एक, पूलच्या कडेला फरशीवर खोलीचे आकडे आहेत, ३ फूट, ४.५ फूट. गवताने ते झाकले जातील. लाइफगार्ड रजेवर असला की तेच आकडे पोरांच्या आयांना उपयोगी पडतात.

बी-९०२: काका, पटलं. पण मग चेंजिंग रूमच्या दाराचं काय? टाके माझ्या शेजारणीच्या मुलाला पडलेत, मला उताराचं गणित नको, उपाय सांगा.

सी-५०३: सांगतो. दारासमोरच्या टाइल्स काढून उतार पाणी जायच्या जाळीकडे द्यायचा, वर खरखरीत फ्लेम फिनिश ग्रॅनाइट. ओल्या पायाला ते धरतं. हे काम गवताच्या आधी. मग बी विंगच्या सावलीत, जिथे खुर्च्या असतात तिथे, गवत टाका. ३५ नको, २५ मिमी पुरे, लवकर वाळतं. पाठ लॅटेक्सची नको, पॉलियुरेथेनची. खाली पाणी वाहू देणारी ड्रेन सेलची जाळी. कडेपासून दोन फूट मागे. खिळा एकही नाही, वाळू नाही.

सी-१०२: म्हणजे गवत निम्म्याहून कमी?

सी-५०३: तिसरा हिस्सा.

सी-१०२: मग माझा विरोध मागे. ग्रॅनाइटची तीन कोटेशनं मात्र हवीत.

बी-६०१: दिवाळीत त्या बाजूला फटाके नकोत हेही लिहून ठेवा. ठिणगीने वितळतं हे.

सेक्रेटरी: नोंद घेतली. आताचं कोटेशन थांबवतो. रविवारी सकाळी १० वाजता पूलवर या, बादलीने पाणी ओतून कुठे साचतं ते खडूने आखू. सी-५०३ काका, तुम्ही हवेच. पार्किंगमध्ये वरच्या गळतीच्या नेमक्या खाली कोण उभं राहील?

ए-७०१: मी. माझीच जागा आहे ती. आणि वॅगन-आर अजून तिथेच आहे.