मदत हवी आहे: जंताच्या सक्सिनेटचा हिशेब जुळत नाही (तातडीचं!!)

ताळगाव_पठार: उद्या सकाळी सेमिनार, लवकर सांगा. मॅलेट मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाघरात) गेलं की अर्धं ऑक्सिडाइज होऊन पायरुव्हेट होतं, अर्धं आधी फ्यूमरेट, मग सक्सिनेट. मी मांडतो तेव्हा दोन एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहणारे रेणू) सुटतात आणि फ्यूमरेटचं सक्सिनेट होताना एकच खपतो. दुसरा कुठे जातो?

फोंडेकर: कुणाचं मॅलेट? यीस्टचं?

ताळगाव_पठार: अहो आतड्यातल्या गोल जंताचं. अ‍ॅस्कॅरिस.

म्हापशाचे_काका: अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, एकच गोळी. तिने सक्सिनेटच बंद पडतं.

कुळागर: काका, अल्बेंडाझोल जंताच्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. सक्सिनेटशी त्याचं थेट नातं नाही.

पेडण्याची_सुमनताई: गोळ्या कशाला? वावडिंगाचं चूर्ण मधातून दे. आमच्या सासूबाई सगळ्या पोरांना द्यायच्या.

ताळगाव_पठार: ताई, मला जंत नाहीत!

कुळागर: अळी की आतड्यातला मोठा जंत? अळीला ऑक्सिजन लागतो, ती आपल्यासारखं युबिक्विनोन इलेक्ट्रॉन-वाहक म्हणून वापरते. मोठ्यात रोडोक्विनोन. त्याचा विभव (इलेक्ट्रॉन ओढायची ताकद; आकडा मोठा तर ओढ जास्त) −६३ मिलिव्होल्ट, फ्यूमरेट-सक्सिनेटचा +३०, युबिक्विनोनचा +११०. म्हणून रोडोक्विनोनकडूनच फ्यूमरेटला इलेक्ट्रॉन मिळतात, श्वसनसाखळीतला कॉम्प्लेक्स दोन उलटा चालतो. प्रोटॉन ढकलायचं काम कॉम्प्लेक्स एकचं.

ताळगाव_पठार: मोठाच. हे सगळं स्लाइडवर आहे. उरलेल्या एनएडीएचचं बोला ना.

फोंडेकर: पायरुव्हेटच्या पुढे काय लिहिलंय?

ताळगाव_पठार: अ‍ॅसेटिल-कोए, मग अ‍ॅसेटेट. ते तर असतंच.

फोंडेकर: असतंच काय! हे आधी सांगायचं. मॅलिक एन्झाइमपाशी एक एनएडीएच, पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजपाशी दुसरा. दोघांना मिळून दोन फ्यूमरेट हवेत. एक मॅलेट अ‍ॅसेटेटकडे, दोन सक्सिनेटकडे. अर्धं-अर्धं जुळतं ते पायरुव्हेटवर थांबलात तरच.

वास्को_लोकल: पूर्वी आमच्याकडे डुकरांचे संडास होते, तेव्हा गावात जंत नाही असं पोर नसायचं. हा सगळा अभ्यास डुकराच्याच जंतावर झालाय ना?

कुळागर: बराचसा हो, कत्तलखान्यातून आणलेल्या. पण फोंडेकर, १:२ वर संपत नाही. मोठा जंत सक्सिनेटचं प्रोपिओनेट करतो आणि अ‍ॅसेटिल-कोए, प्रोपिओनिल-कोए जोडून २-मेथिलब्युटिरेट हे आम्ल बाहेर टाकतो.

फोंडेकर: बी.एस्सी.ला कोण विचारतंय मेथिलब्युटिरेट?

ताळगाव_पठार: एम.एस्सी. आहे मी.

कुळागर: मग विचारणारच. त्या जोडणीनंतरच्या दोन पायऱ्यांना दोन एनएडीएच लागतात. फ्यूमरेटचा धरून तीन.

ताळगाव_पठार: शे! सुटतात दोनच. म्हणजे आता एक कमी पडला?

फोंडेकर: अरे, जंत एकाच आम्लावर थोडाच थांबतो? शेजारी एक नुसतं अ‍ॅसेटेट मांड, त्याचे दोन शिल्लक राहतात. दोन मेथिलब्युटिरेटमागे एक अ‍ॅसेटेट, बाकी शून्य.

कुळागर: हे चालेल. फक्त प्रत्यक्षात प्रमाण इतकं नेमकं नसतं, ते तोंडी सांग.