पीआरपी घ्या म्हणे, अँटिबायोटिक बंद करा!

त्र्यंबकनाका: आपल्या नाशिकच्या एका आरोग्य ग्रुपवर कालपासून पोस्ट फिरतेय: "ग्रोथ फॅक्टर जंतू मारतात हे सिद्ध झालंय. शुगरवाल्यांनी पायाच्या जखमेला पीआरपी घ्यावं, अँटिबायोटिकचं विष बंद करावं." डोकं फिरलं. पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट नावाच्या रक्तकणांनी दाट केलेला द्रव; ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायला सांगणारी प्रथिनं. पहिलं वाक्य अर्धं खरं, दुसरं जिवावर बेतणारं. मिडकाइन हा असाच एक ग्रोथ फॅक्टर. तो 1988 मध्ये जपानात सापडला, भ्रूणाच्या वाढीवर काम चालू असताना. ते जंतूही मारतं हे स्वीडनच्या लुंडमधल्या मंडळींनी 2010 मध्ये दाखवलं. 121 अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन, धन भाराने खचाखच. जंतूचं पटल, म्हणजे आवरण, ऋण भाराचं, आपल्या पेशींची बाहेरची बाजू जवळपास उदासीन. म्हणून ते नेमकं जंतूला चिकटतं आणि पटलाची चाळण करतं. त्याचं भावंड प्लिओट्रोफिनही तसंच. पण हे सगळं त्वचेत, श्वासमार्गात, जागच्या जागी. यात पीआरपी कुठून घुसलं?

सिडकोची_मावशी: आमच्या ह्यांची टाच दिवाळीपासून भरत नव्हती. पीआरपी केलं आणि संक्रांतीला चप्पल घालून फिरले. तुमचं भ्रूण-बिण ठेवा तिकडे.

त्र्यंबकनाका: मावशी, आनंद आहे. त्या काळात गोळ्या बंद होत्या का?

सिडकोची_मावशी: बंद कशाला असतील? डॉक्टरांनी दिल्या होत्या, चालू होत्या. शुगरही आटोक्यात आणली. पण जखम भरली ती पीआरपीनेच.

त्र्यंबकनाका: झालं. गोळ्या बिचाऱ्या फुकट राबल्या.

लॅबवाली: नाका, तुम्हीही जरा दमाने घ्या. "पीआरपी कुठून घुसलं" म्हणे! प्लेटलेटमध्ये पीडीजीएफ हा ग्रोथ फॅक्टर असतो तसं प्लेटलेट फॅक्टर 4 नावाचं प्रथिन असतं, आणि त्या कुळातली प्रथिनं जंतू मारतात. शिवाय जखम झाली की ईजीएफ रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा वाढीचा निरोप घेणारा, जागा होतो आणि त्वचेच्या पेशी डिफेन्सिन ही जंतू मारणारी प्रथिनं बनवायला लागतात. म्हणजे वाढ आणि संरक्षण ही दोन खाती वेगळी नाहीतच. ते पोस्टवाले चुकले, पण शंभर टक्के नाही.

त्र्यंबकनाका: बरं बाई, नव्वद टक्के चुकले. पण लॅबमधल्या काचेच्या बशीतही पीआरपी स्टॅफिलोकोकस या जंतूला अडवतं आणि स्यूडोमोनास या दुसऱ्या जंतूपुढे त्याची डाळ शिजत नाही. मधुमेही पायात स्यूडोमोनास काय पाहुणा म्हणून येतो? आणि अशा प्रथिनांची ताकद मीठ वाढलं की उतरते, हेही सांगा की.

लॅबवाली: सांगते. उतरते. खूश?

सटाणेकर: अँटिबायोटिकला विष म्हणणारे हेच शहरी लोक सर्दी झाली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पाच दिवसांचा कोर्स उचलतात. वर शिव्या आम्हाला, की डाळिंबावर स्ट्रेप्टोसायक्लिनसारखं अँटिबायोटिक मारता!

गंगापूररोड_77: मारताच की. सहा ग्रॅमच्या पुड्या, कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकात कालवून. मग जंतू दाद देत नाहीत म्हणून रडायचं.

सटाणेकर: डाळिंबाचा तेल्या रोग बघितलाय का भाऊ कधी? आधी पानावर पाणी सांडल्यासारखा डाग. मग फळावर काळा पडतो आणि काढणीला आलेलं फळ उभं तडकतं. मृग, म्हणजे पावसाळी बहार सोडून पावसानंतरचा हस्त बहार धरला तो याच्यासाठी. तडकलेलं डाळिंब मालेगावला कोण घेतं? तुम्ही घेता का?

गंगापूररोड_77: म्हणजे कर्ज तुमचं आणि रेझिस्टन्स आमचा? वा!

सटाणेकर: तुमच्या रोडवर केसांच्या पीआरपीचे बोर्ड मोजा आधी. टकलाला ग्रोथ फॅक्टर चालतात, आमच्या झाडाला औषध चालत नाही!

लॅबवाली: झाडाला डिफेन्सिन असतात, तसं म्हटलं तर. पण तेल्याचा जंतू झँथोमोनास त्याला भीक घालत नाही. आणि धागा माणसांचा होता.

सिडकोची_मावशी: मला कुणी हे सांगेल का, यांच्या दुसऱ्या पायाला आता भेग पडलीये. पीआरपी करू की नको?

त्र्यंबकनाका: मावशी, आधी पाय दाखवा डॉक्टरांना, आजच. पू असला तर कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासायला, पाठवायला सांगा. पीआरपीचं ते ठरवतील. गोळ्या ग्रुपवर वाचून बंद करू नका, एवढंच माझं पहिल्यापासून म्हणणं आहे.

गंगापूररोड_77: आणि डाळिंब धुऊन खा.

सटाणेकर: धू बाबा. साल सोलून खातोस ना, का सालीसकट? फवारणीचा वेगळा धागा काढतो, तिकडे ये.