हेडलाईट हलतोय म्हणून अख्खं युनिट बदलायचं का?

माणदेशी

हेडलाईट हलतोय म्हणून गॅरेजला गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "कान तुटलाय. कान वेगळा मिळत नाही, अख्खं युनिट घ्यावं लागेल." कान म्हणजे हेडलाईटला गाडीवर बोल्टने धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा तुकडा. साध्या हॅलोजनच्या गाडीत हा खर्च काही हजारांत जातो, एलईडीवाल्या गाडीत त्याच्या कितीतरी पट. काच स्वच्छ, रिफ्लेक्टर चकचकीत, बल्ब चालू, आणि बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिक तुटलं म्हणून सगळं भंगारात. मला हे पटत नाही. ज्याच्या हाताला पाना धरायची सवय आहे त्याने ही दुरुस्ती घरीच करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी नेमकं काय हलतंय ते बघा. बॉनेट उघडा, हेडलाईटची कड धरून हलकेच पुढेमागे करा. अख्खा डबा (म्हणजे युनिट) हलला तर दोष बाहेर आहे: बोल्ट ढिला झालाय, बाजूची क्लिप निसटलीय किंवा कान तुटलाय. डबा घट्ट आहे पण उजेड प्रत्येक खड्ड्याला नाचतोय, तर मागचं रबरी टोपण काढून बल्ब बघा. एच4 बल्बच्या तीन पाकळ्या खाचेत नीट बसल्या नसतील किंवा तारेची स्प्रिंग अडकली नसेल तर बल्ब आत डुगडुगतो. तो परत बसवताना बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. टोपणही पूर्ण चढवायचं, नाहीतर पावसाळ्यात आत वाफ धरते.

कान तुटला असेल तर लोक पहिल्यांदा फेविक्विक काढतात. ते नको. डब्याच्या पाठीवर प्लॅस्टिकची जात छापलेली असते. तिथे पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, तर फेविक्विक काय, अरल्डाइट काय, एम-सील काय, काहीच धरत नाही. वाळल्यावर नखाने निघून येतं. शिवाय फेविक्विकच्या वाफेने आसपासची काच पांढुरकी होते. पीपी वितळवूनच जोडावं लागतं: सोल्डरिंग आयर्न, भर घालायला पीपीचाच तुकडा (फुटक्या बंपरचा चालतो, त्यावर छाप बघून घ्या) आणि जोडाच्या पोटात बारीक तारेची जाळी. केबल टाय वितळवू नका, ते नायलॉनचे असतात, पीपीत मिसळत नाहीत. डबा गाडीतून बाहेर काढून, मोकळ्या हवेत बसून काम करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. दोन्ही बाजूंनी भर घातलेला कान चांगला टिकतो.

या कामाला एक रविवार पुरतो. यासाठी नवं युनिट घेणं मला उधळपट्टी वाटते.

दहा नंबर

पूर्ण सहमत. त्यात एक भर: बंपरचं रंगकाम झाल्यानंतर हेडलाईट हलायला लागला असेल तर काहीही तोडफोड करण्याआधी दहा नंबरचा बॉक्स पाना घ्या आणि बोल्ट मोजा. वरचे दोन बसवलेले असतात, बंपरच्या आड लपणारा खालचा बसवायचा राहिलेला असतो. किंवा बोल्ट असतो पण पत्र्यावरची यू-क्लिप (जिच्यात बोल्ट आवळला जातो ती) गळून पडलेली असते, मग बोल्ट नुसताच गरगर फिरतो. क्लिप कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात चिल्लर किमतीला मिळते. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या-नव्या दोन्ही मिळतात.

रातवा

माणदेशीदादा, तुमचं प्लॅस्टिकचं ज्ञान उत्तम आहे, पण सगळं लिहिताना तुम्ही फक्त तुमच्या बॉनेटकडे बघताय. मी समोरून येते. लोटे एमआयडीसीत काम करते, कामाची पाळी संपवून रात्री परशुराम घाटातून चिपळूणला उतरते. समोरच्या गाडीचा एक दिवा रस्त्यावर आणि दुसरा माझ्या डोळ्यांत, असं आठवड्यातून कितीदा तरी होतं. डोळे दिपले की पुढचे काही क्षण रस्त्याची पांढरी कड दिसत नाही, आणि घाटात त्या कडेच्या पलीकडे दरी असते.

तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये दिवा घट्ट कसा करायचा हे आहे. तो कुठे बघतोय हे कसं तपासायचं, याबद्दल एक ओळ नाही. डबा बाहेर काढून, कान वितळवून परत बसवला की तो आधीच्याच जागी बसला असेल असं समजायचं का?

हिशोब करून बघा. बुडवलेला झोत (लो बीम) साधारण 1 टक्का खाली असावा लागतो, म्हणजे 10 मीटरवर 10 सेंटीमीटर. दिवा जमिनीपासून 65 सेंटीमीटरवर धरला तर 50 मीटरवर झोताची वरची कड जमिनीपासून 15 सेंटीमीटरवर येते. आता डब्याच्या पुढच्या-मागच्या आधारांत 20 सेंटीमीटर अंतर धरा. पुढची बाजू 4 मिलिमीटर वर राहिली की झोत 2 टक्के उचलला. त्याच 50 मीटरवर कड गेली 115 सेंटीमीटरवर. छोट्या गाडीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तिथेच असतात. चार मिलिमीटर म्हणजे तुमच्या वितळवलेल्या प्लॅस्टिकचा एक थर.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम वाचा. दिवा नुसता खाली वळवलेला पुरत नाही, तो तसा "राखलेला" असायला हवा असं त्यात आहे. 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला तो दिपवता कामा नये. तो डोळा माझा आहे. म्हणून माझा घरच्या दुरुस्तीला विरोध आहे. पैसे तुमचे वाचतात, धोका समोरचा सोसतो.

माणदेशी

रातवाताई, झोत लावणं हा दुरुस्तीचाच भाग आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यासाठी गॅरेजच लागतं हे मान्य नाही. सपाट जागा आणि भिंत पुरते. टायरमध्ये बरोबर हवा, चालकाच्या जागी माणूस बसलेला, डॅशबोर्डवरचं हेडलाईटच्या लेव्हलचं बटण शून्यावर. गाडी भिंतीला टेकवून बल्बच्या मध्यावर खूण करायची, मग सरळ 5 मीटर मागे घ्यायची. बुडवलेल्या झोताची सपाट कड खुणेच्या 5 सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे चढती हवी. काही गाड्यांत हा आकडा 1 टक्क्याहून थोडा वेगळा असतो, तो हेडलाईटवरच छापलेला असतो. मागच्या स्क्रूने वर-खाली, दुसऱ्याने डावीकडे-उजवीकडे.

आणि गॅरेजबद्दल विचारतो: नवं युनिट बसवून गाडी परत मिळाली तेव्हा झोत मापून दिला, असं किती जणांनी पाहिलंय? मी तरी बोल्ट आवळून बॉनेट लावतानाच पाहिलंय.

पत्रा-रंग

मी साताऱ्याजवळ डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. तुमची सगळी चर्चा प्लॅस्टिकभोवती फिरतेय. गाड्या आमच्याकडे कशा येतात ते सांगतो.

कान आपोआप तुटत नाही. ठोकर बसलेली असते. पार्किंगमध्ये खांब, मागे येणारी रिक्षा, रस्त्यावर कुत्रं. बंपर लवचिक, तो दबतो आणि परत बाहेर येतो, त्यामुळे मालकाला वाटतं काही झालं नाही. पण आतली आडवी पट्टी, जिच्यावर रेडिएटर आणि हेडलाईट दोन्ही बसतात, ती पत्र्याची असेल तर दबलेली राहते आणि प्लॅस्टिकची असेल तर तडकते. अशा पट्टीवर तुम्ही कान कितीही सुंदर जोडा, डबा तिरपाच बसणार. मग माणूस बोल्ट जोरात आवळतो, प्लॅस्टिकवर ताण येतो आणि खड्ड्यातून चार दिवस गाडी गेली की दुसरा कान तुटतो. हेडलाईट आणि बॉनेट, हेडलाईट आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे आधी बघायला हवं. ती सारखी नसेल तर घरी हात लावू नका. पट्टी हातोड्याने सरळ करायला तर अजिबात जाऊ नका, काही गाड्यांत तिच्यावर एअरबॅगचा सेन्सर असतो.

दुसरं, बऱ्याच गाड्यांत हे कान मुद्दामच नाजूक ठेवलेले असतात. धक्क्यात कान तुटावा आणि डबा मागे सरकावा म्हणजे काच फुटत नाही, आणि माणूस समोर आला तर त्यालाही मार कमी लागतो. लोक घरी लोखंडी पट्टी लावून कान असा पक्का करतात की पुढच्या ठोकरीला थेट डबा फुटतो.

आता युनिट बदला असं आम्ही का सांगतो. प्लॅस्टिक जोडायला आमच्या माणसाचा अर्धा दिवस जातो. त्याचे पैसे मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, डिंक लावायचे एवढे? आणि तोच कान महिनाभराने सुटला की तेच गिऱ्हाईक सगळ्यांसमोर आवाज चढवतं. नव्या मालाला निदान बिल असतं. जोडून देणारे कारागीर आजही आहेत, त्यांच्या कामाची मजुरी द्यायला लोक तयार असते तर बाकीचेही टिकले असते.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथे नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी 3 वर्षांनी आणि नंतर दर 2 वर्षांनी होते, त्यात झोताची उंची यंत्राने मोजतात. शिवाय दर ऑक्टोबरात अंधार लवकर पडायला लागला की गॅरेजांमध्ये दिवे मोफत तपासून देतात, ही प्रथा 1950 च्या दशकापासून चालू आहे. माझ्या शेजाऱ्याने हेडलाईटचा कान घरीच वेल्ड केला आणि झोत मोजून घ्यायला गाडी घेऊन गेला. कोणी हरकत घेतली नाही.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. तोपर्यंत दिवा कुठे बघतोय हे कोणी विचारत नाही, मग दुरुस्ती घरची असो की शोरूमची. रातवा यांचा राग रास्त आहे, पण तो घरी पाना धरणाऱ्यावर काढून उपयोग नाही. झोत मोजून देणारी जागा तालुक्याच्या गावी असायला हवी, पीयूसी काढून देतात तशी.

नवशिका

माझ्या गाडीचा डबा बाहेरून एकदम घट्ट आहे, बल्बही नीट बसलाय, तरी उजेड थरथरतो. आतला चकचकीत भाग बोटाने ढकलला तर हलतो. यूट्यूबवर लोक हेडलाईट ओव्हनमध्ये तापवून काच वेगळी करतात. करू का?

माणदेशी

नवशिका, हे करू नका. आतला रिफ्लेक्टर तीन ठिकाणी टेकलेला असतो: एक सांध्याची गोळी आणि दोन स्क्रू. त्यातली गोळी किंवा तिची वाटी तुटलीय. काच उघडल्याशिवाय तिथे हात जात नाही, आणि घरी उघडलेली काच परत इतकी घट्ट बसत नाही की आपला पाऊस बाहेर राहील. रिफ्लेक्टरवर ओल आली की मुलामा जातो, मग उजेडच उरत नाही. इथे युनिट बदला, नाहीतर जुन्या बाजारातून चांगलं युनिट बघून घ्या.

पत्रा-रंग दादा, फटीचा मुद्दा पटला, तो सगळ्यात आधी बघायला हवा. पण विम्याचा मार्ग कोणी सुचवणार असेल तर तोही महागच पडतो. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, वर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट जाते, जी क्लेम न केलेल्या वर्षांबरोबर 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढलेली असते. एका कानासाठी ती घालवायची? फट सारखी आहे, एकच कान गेलाय, भिंतीवर झोत लावून घेतलाय, अशा गाडीला गॅरेजची गरज नाही, या मतावर मी ठाम आहे.

रातवा

भिंतीची पद्धत लिहिलीत ते चांगलं केलंत. तरी माझा विरोध कायम आहे, कारण तुमच्यासारखी 5 मीटर टेप लावून मोजणारी माणसं थोडी, आणि "आता हलत नाहीये ना" म्हणून बॉनेट लावणारी फार. एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या: झोत वर गेला तर निदान समोरचा हॉर्न मारून सांगतो. खाली गेला तर कोणी सांगत नाही. 1 ऐवजी 2 टक्के खाली बसला तर उजेड 32 मीटरवर संपतो. ताशी 60 च्या वेगाने ते दोन सेकंदांचं अंतर आहे, आणि तेवढ्यात ब्रेक मारून गाडी थांबवणं कठीण असतं. बंद पडलेला ट्रक, बसलेली गुरं, काहीही असू शकतं पुढे.

पत्रा-रंग

ताईंचं बरोबर आहे, आणि भिंतीवर लावलेला झोत कायम तसाच राहतो असंही नाही. वितळवून जोडलेला कान बॉनेटखालच्या उष्णतेने आणि हादऱ्याने थोडा बसतो. खराब रस्त्यावर आठ-पंधरा दिवस गाडी चालली की त्याच भिंतीसमोर, त्याच खुणेवर परत उभी करा. खूण पुसू नका. दुसऱ्या वेळी कड सरकलेली दिसली तर स्क्रू फिरवून ती वर आणण्यात अर्थ नाही, जोड सुटतोय. तेव्हा डबा काढून पाठीमागून पातळ ॲल्युमिनियमची पट्टी लावा, लोखंडाची नको, आणि तिला मूळ बोल्टच्याच भोकात धरा. नवीन भोक पाडलं की डब्याची जागा बदललीच.